जनरल नोगी : एवढ्या अडखळत्या करिअरच्या माणसाला पोर्ट आर्थरवर का पाठवलं?

मुळामुठा

नमस्कार मंडळी, कामानिमित्त सध्या टोकियोत आहे. इथे चियोदा लाईनवर नोगीझाका नावाचं स्टेशन आहे, वर आलं की लगेच जनरल नोगीचं देऊळ आणि त्याला लागूनच त्याचं राहतं घर. घर एकदम साधं, काळपट लाकडी. भोवतीनं पायवाट केलीय, तिच्यावरून खिडक्यांतून आतलं दिसतं. आणि शेजारी घोड्यांचा तबेला मात्र पक्क्या विटांचा! त्याच्या हयातीतही लोक म्हणे घरापेक्षा तबेल्याचंच कौतुक करायचे.

हे बघून आल्यावर मारेसुके नोगीबद्दल वाचायला घेतलं आणि जाम गोंधळ उडालाय. १८७७ च्या सात्सुमा बंडात, वय जेमतेम सत्तावीस, चौदाव्या रेजिमेंटचा प्रमुख असताना कुमामोतोजवळ रात्रीच्या चकमकीत रेजिमेंटचं निशाणच शत्रूच्या हाती गेलं. हे निशाण खुद्द सम्राटाने दिलेलं असायचं म्हणजे यापेक्षा मोठी नामुष्की नाही. मग १८९२ मध्ये नोकरीतून बाजूला होऊन नासूला शेती करत बसला, परत आला, मग १८९६ ते ९८ तैवानचा गव्हर्नर जनरल, तिथेही काही जमलं नाही, राजीनामा. मग शिकोकूवर अकराव्या डिव्हिजनचा प्रमुख, १९०१ मध्ये तेही सोडलं आणि पुन्हा शेती. आणि हाच माणूस १९०४ मध्ये, रशियाशी युद्ध पेटलेलं असताना, तिसऱ्या आर्मीचा कमांडर म्हणून पोर्ट आर्थरचा (चीनच्या किनाऱ्यावरचं, रशियाच्या ताब्यातलं तटबंदीचं बंदर) वेढा चालवायला जातो?? कुठल्या हिशोबाने? की दुसरा कोणी नव्हताच? आणि तिथे मेलेले आणि जखमी धरून साठ हजारांच्या आसपास माणसं खर्ची पडली तरी त्याचं देऊळ कसं झालं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

तोफखाना

चांगला विषय काढलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं घराण्यात आहे, म्हणजे प्रांतात. सम्राट मेइजींच्या काळातलं जपानी सैन्य हे दोन जुन्या संस्थानांच्या लोकांनी भरलेलं होतं, चोशू आणि सात्सुमा. रशियाविरुद्धच्या चार आर्म्यांचे कमांडर बघा. पहिली कुरोकी, सात्सुमा. चौथी नोझू, सात्सुमा. दुसरी ओकू, तो कोकुराचा, म्हणजे दोन्हीतला नाही आणि निव्वळ कामाच्या जोरावर वर आलेला. सगळ्यांच्या वर सरसेनापती ओयामा, तोही सात्सुमा. मग चोशूवाल्यांचा कोणीतरी नको का? जनरल स्टाफचा प्रमुख यामागाता चोशूचा, युद्धमंत्री तेराउची चोशूचा, ओयामाचा चीफ ऑफ स्टाफ कोदामा तिकडचाच. नोगी चोशूच्याच शाखेतला, चोफूचा. सिनिऑरिटीत बसत होता. आणि समतोल म्हणून त्याच्याखाली चीफ ऑफ स्टाफ दिला तो इजिची कोसुके, सात्सुमाचा. ही अशी जुळवाजुळव.

पण नुसतं वशिल्यावर ढकलू नका. दुसरं कारण १८९४ चं आहे. चीनविरुद्धच्या युद्धात नोगी पहिल्या ब्रिगेडचा प्रमुख होता आणि तेव्हा हेच पोर्ट आर्थर २१ नोव्हेंबरला एका दिवसात पडलं होतं. एका दिवसात! (त्यानंतर पहिल्या डिव्हिजनच्या शिपायांनी गावात जी कत्तल केली ती जगभर गाजली. नोगीची ब्रिगेड याच डिव्हिजनमधली. देवळाच्या माहितीफलकावर हे कितपत असेल कोण जाणे, पण सोडून देण्यासारखं नाही.) तर टोकियोत बसलेल्यांच्या डोक्यात हिशोब साधा होता, जागा तीच, माणूस तोच, मागे एक दिवस लागला तर यावेळी काही दिवस लागतील. मधल्या काळात रशियनांनी तिथे काँक्रीटचे किल्ले बांधले, मशीनगन आणल्या, काटेरी तारा टाकल्या हे कुणी मोजलंच नाही. आत पंधरा हजार सैनिक असतील असा अंदाज होता, निघाले चाळीस हजारांच्या वर.

निशाणाचं म्हणाल तर ती गोष्ट सैन्यात त्याच्याविरुद्ध गेली नाही, उलट. त्याने स्वतःहून शिक्षा मागितली, वरिष्ठांनी माफ केलं, त्यानंतर तो मरण शोधत असल्यासारखा लढला. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७६ मध्ये, चोशूतच हागीला बंड झालं तेव्हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ बंडवाल्यांच्या बाजूने लढून मारला गेला, आणि ज्या गुरूच्या घरी राहून नोगी शिकला त्या तामाकी बुन्नोशिनने आपले शिष्य बंडात गेले म्हणून पोट फाडून घेतलं. एका वर्षात भाऊ गेला, गुरू गेला आणि वर निशाणही गेलं. पुढची दहा वर्षं हा माणूस टोकियोच्या चहाघरांमध्ये प्रचंड प्यायचा. १८८७ मध्ये दीड वर्ष जर्मनीला पाठवलं तिथून आला तो पूर्ण बदलून, दारूअड्डे बंद, घरीदारी कायम युनिफॉर्म, जेवण साधं. जी प्रतिमा आज आपल्याला माहीत आहे ती १८८८ नंतरची.

किल्लेदार

तोफखानादादांनी नेमणुकीचं बरोबर सांगितलंय. मी वेढ्याबद्दल लिहितो कारण 'नोगी बिनडोक होता, माणसं नुसती तारांवर फेकत राहिला' हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं आणि ते अर्धवट आहे.

पहिला मोठा हल्ला १९ ते २४ ऑगस्ट १९०४. त्यात खरंच भयंकर झालं, पाच-सहा दिवसांत पंधरा-सोळा हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. उघड्यावरून किल्ल्यांवर चाल, समोर मशीनगन. याचा दोष नोगीवर आहेच. पण हेही बघा की हातात भारी तोफगोळे पुरेसे नव्हते, शत्रूचा आकडा चुकीचा दिलेला, आणि नौदल मागे लागलेलं की लवकर करा लवकर करा, कारण बाल्टिकमधून रशियाचं दुसरं आरमार निघणार होतं आणि ते यायच्या आत जपानी आरमाराचा प्रमुख तोगो याला आपली जहाजं गोदीत नेऊन दुरुस्त करायची होती. बंदरात रशियन युद्धनौका आहेत तोवर त्याला तिथून हलता येत नव्हतं.

महत्त्वाचं ते याच्या पुढे. ऑगस्टनंतर नोगीने पद्धत बदलली. खंदक खणत खणत नागमोडी पुढे सरकायचं, किल्ल्याच्या भिंतीपर्यंत पोचायचं, मग खालून भुयार मारून सुरुंग भरायचा. आपल्याकडे गडाला मोर्चे लावून बुरुजाखाली सुरुंग ठासायचे तेच जुनं तंत्र, फक्त आता वर मशीनगन आणि सर्चलाईट. दगडी जमिनीत रोज काही मीटर. दोन्ही बाजू इतक्या जवळ आल्या की हातबॉम्ब फेकायला लागल्या. तयार हातबॉम्ब कुठले, जपान्यांनी पत्र्याच्या डब्यांत स्फोटकं भरून केले, रशियनांनी तोफेच्या रिकाम्या काडतुसांचे केले. भुयारात समोरून शत्रूची कुदळ ऐकू यायची आणि आधी सुरुंग कोण उडवतो याची शर्यत लागायची.

त्यात सप्टेंबरमध्ये २८ सेंटिमीटरच्या हॉवित्झर, म्हणजे उंचावरून गोळा टाकणाऱ्या तोफा, आल्या. मूळच्या जपानच्या किनाऱ्यावर शत्रूची जहाजं बुडवायला बसवलेल्या या तोफा, एकेक गोळा दोनशे किलोच्या वर. त्या उखडून जहाजाने आणायच्या, खाली काँक्रीटचा चौथरा घालायचा, मग वर बसवायच्या. अशा एकूण अठरा झाल्या. १ ऑक्टोबरपासून मारा सुरू. किल्ल्यांचा खरा आत्मा होता रशियन जनरल कोंद्रातेंको, त्याला १५ डिसेंबरला याच तोफेच्या गोळ्याने किल्ल्याच्या आत मारलं. त्यानंतर १८ डिसेंबर, २८ डिसेंबर, ३१ डिसेंबर असे एकामागून एक मोठे किल्ले सुरुंग उडवून घेतले आणि १ जानेवारीला तिथला रशियन सेनापती स्टेसेल याने शरणागतीचं पत्र पाठवलं. म्हणजे शेवटी जे पडले ते खणूनच पडले. ऑगस्टमध्ये माणसं फेकणारा आणि डिसेंबरमध्ये खणणारा कमांडर एकच होता हे लोक विसरतात.

मुळामुठा

बापरे, एवढं तपशीलवार कुठेच वाचलं नव्हतं. पण मग २०३ नंबरच्या टेकडीचं काय? सगळीकडे असं लिहिलेलं असतं की नोगीला ती टेकडी महत्त्वाची आहे हेच कळलं नाही, शेवटी कोदामा आला आणि त्याने चार दिवसांत घेऊन दाखवली.

तोफखाना

ही गोष्ट फार पसरलीय आणि अर्धी खरी आहे. टेकडी २०३ मीटर उंच म्हणून तसं नाव, तिच्यावरून बंदर दिसतं, म्हणजे तोफांना नेम सांगणारा माणूस वर बसवला की जहाजं टिपता येतात. नौदलाला ती हवी होती, टोकियोतल्या मुख्यालयाचाही नोव्हेंबरमध्ये कल तिकडेच झाला. पण नोगीचा थेट वरिष्ठ होता मांचुरियातला ओयामा, आणि ओयामा म्हणत होता समोरचे मोठे किल्ले घ्या, टेकडीच्या नादी लागू नका. कोदामाही तेव्हा याच मताचा. आता सांगा, टोकियो एक सांगतंय, सरसेनापती दुसरं सांगतोय, नौदल कानाशी ओरडतंय, माणसाने करायचं काय? नोगीने आपल्या थेट वरिष्ठाचं ऐकलं. सैनिक म्हणून ते चुकीचं नाही.

पण किल्लेदारांशी एका ठिकाणी माझं बिलकुल पटत नाही. २६ नोव्हेंबरचा हल्ला. खंदकांचं काम चांगलं चाललेलं असताना रात्री तीन हजारांच्या वर निवडक माणसांना अंगावर पांढरे पट्टे बांधायला लावले, अंधारात एकमेकांना ओळखता यावं म्हणून, आणि किल्ल्यावर सोडलं. सर्चलाईटमध्ये तेच पट्टे चमकले. काही तासांत तुकडी संपली. निघण्यापूर्वी नोगी स्वतः त्यांना निरोप द्यायला आला होता म्हणतात. त्याला दुःख झालं असेल, नक्कीच झालं असेल, पण हुकूम त्याचाच होता आणि त्याची जबाबदारी ओयामावर किंवा नौदलावर टाकता येत नाही.

त्यानंतर मात्र त्याने सगळा जोर २०३ कडे वळवला. होक्काइदोहून नुकतीच आलेली सातवी डिव्हिजन तिथे अक्षरशः वितळली. टेकडी घेतली, गेली, परत घेतली. ३० नोव्हेंबरला नोगीचा धाकटा मुलगा यासुसुके तिथेच डोक्यात गोळी लागून मेला. थोरला कात्सुसुके मे महिन्यात नानशानच्या लढाईत मारला गेलेला होताच. दोघंही गेले. कोदामा १ डिसेंबरला पोचला, खिशात ओयामाचं पत्र होतं की वेळ पडल्यास माझ्या नावाने हुकूम दे. त्याने तोफांची मांडणी आणि हल्ल्याचा समन्वय सुधारला हे खरं, ५ डिसेंबरला टेकडी पडली. पण एका दिवसात सगळ्या मोठ्या तोफा हलवल्या वगैरे जे रंगवून सांगतात त्यावर नंतरच्या अभ्यासकांनी बऱ्याच शंका घेतल्यात. काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवलेली तोफ रातोरात कशी हलणार? शिवाय कोदामा आला तेव्हा तिथले रशियन राखीव सैनिक जवळपास संपलेले होते, आणि ते संपवले होते सातव्या डिव्हिजनने.

वैद्यबुवा

इतिहासाचा माझा अभ्यास नाही पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. त्या युद्धात जपानी सैन्याला गोळ्यांइतकंच बेरीबेरीने छळलं. अडीच लाखांच्या आसपास सैनिक आजारी पडले आणि सत्तावीस हजारांच्या आसपास मेले असे आकडे देतात. कारण काय तर पांढराशुभ्र पॉलिश केलेला भात. कोंडा गेला की त्यातलं बी वन जातं, पाय सुजतात, बधिर होतात, चालता येत नाही, शेवटी हृदय बंद पडतं. आपल्याकडे कोकणात हातसडीचा तांदूळ खाणाऱ्या लोकांना हा त्रास नसायचा ते त्यामुळेच.

संतापजनक भाग असा की जपानी नौदलाने हा प्रश्न वीस वर्षं आधी सोडवलेला होता. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलातल्या डॉक्टरने भाताबरोबर जव आणि मांस सुरू केलं आणि जहाजांवरची बेरीबेरी जवळपास संपली. पण सैन्याच्या वैद्यकीय खात्यातले मोठे लोक जर्मनीत शिकून आलेले, ते जंतूच शोधत बसले आणि नौदलाचं ऐकायला तयार नव्हते. शिपायालाही पांढरा भात म्हणजे चैन वाटायची, गावाकडे तो कुठला रोज मिळायला. वेढ्यात एका जागी महिनोन्महिने, ताजी भाजी नाही, तर तिसऱ्या आर्मीचं काय झालं असेल विचार करा. नोगीच्या हल्ल्यांचे आकडे मोजताना खंदकात सुजल्या पायाने उभी असलेली ही माणसंही धरा.

किल्लेदार

वैद्यबुवा, फार मोलाची भर. आणि तोफखानादादा, २६ नोव्हेंबरबद्दल तुमचं म्हणणं मान्य, त्या हल्ल्याचं समर्थन मला करायचं नाही.

पण त्याची कारकीर्द पोर्ट आर्थरला संपत नाही. मांचुरियातल्या मुकदेनच्या लढाईत, फेब्रुवारी-मार्च १९०५, तिसऱ्या आर्मीला पश्चिमेकडून मोठा वळसा घालून रशियनांच्या मागे जायचं काम दिलं होतं. आणि इथे त्याची ख्यातीच कामाला आली. रशियन सेनापती कुरोपात्किनला पोर्ट आर्थर घेणाऱ्या सैन्याची धास्ती होती. अकरावी डिव्हिजन नोगीकडून काढून पूर्वेकडच्या नव्या यालू आर्मीला दिली होती, ती दिसल्यावर रशियनांना वाटलं नोगीच पूर्वेला आलाय, त्यांनी राखीव फौज तिकडे धाडली. खरा नोगी पश्चिमेकडून येत होता. कळल्यावर सगळी धावाधाव उलट दिशेने. निर्णायक वेढा पडला नाही, रशियन निसटले, तिसऱ्या आर्मीचं नुकसानही प्रचंड झालं, पण ज्या दिशेने रशियन सर्वांत जास्त हादरले ती नोगीचीच.

स्टेसेलच्या भेटीबद्दलही लिहायलाच हवं. ५ जानेवारी १९०५, श्वीशियिंग गावातलं एक खेडवळ घर. हरलेल्यांना तलवारी लावून येऊ दिलं. परदेशी छायाचित्रकारांना शरणागतीचं चित्र हवं होतं, नोगीने नकार दिला, दोन्हीकडचे अधिकारी मित्रांसारखे शेजारी शेजारी बसलेला एकच फोटो काढू दिला. स्टेसेलने त्याच्या मुलांबद्दल दुःख व्यक्त केलं आणि आपला पांढरा घोडा भेट दिला. त्या काळात आपल्याकडे 'केसरी'सारख्या पत्रांतून जपानच्या विजयांचं जे कौतुक चाललेलं होतं त्यात अशा वागण्याचाही वाटा असणार असं मला वाटतं.

अनुजा_क

सगळं वाचलं. देऊळ का झालं याबद्दल मी लिहिते.

युद्धात त्याला राजीनामा द्या म्हणून पत्रं यायची, दुसरा मुलगा गेल्यावर तेच लोक हळहळायला लागले. जानेवारी १९०६ मध्ये सम्राटासमोर अहवाल वाचताना माझी माणसं मेली या भागापाशी तो रडला आणि मरायची परवानगी मागितली, सम्राट म्हणाले मी जिवंत असेपर्यंत नाही, असं सांगतात. १९०७ मध्ये त्याला गाकुशूइनचं, म्हणजे सरदार-उमरावांच्या मुलांच्या शाळेचं प्रमुख केलं, कारण सम्राटाचे नातू तिथे येणार होते. पुढचा सम्राट हिरोहितो १९०८ पासून त्याच्या हाताखाली. नोगी मुलांबरोबर वसतिगृहातच राहायचा. हिरोहितोने म्हातारपणीसुद्धा त्याचं नाव आदराने घेतलंय.

३० जुलै १९१२ ला सम्राट मेइजी गेले. १३ सप्टेंबरला संध्याकाळी अंत्ययात्रा राजवाड्यातून निघाली त्या सुमारास नोगी आणि त्याची बायको शिझुको या दोघांनी, मुळामुठा तुम्ही खिडकीतून जे घर बघितलं त्याच घरात, जीव दिला. मृत्युपत्रात कारण काय दिलं तर १८७७ मध्ये निशाण गेलं ते. पस्तीस वर्षांपूर्वीचं. पोर्ट आर्थर नाही.

आणि आता मला जे बोलायचंय ते. ते मृत्युपत्र आदल्या रात्री लिहिलेलं आहे आणि ते ज्यांच्या नावाने आहे त्यांत शिझुकोचंही नाव आहे. तिने मागे काय करायचं, काय तिच्याकडे राहील याच्या सूचना आहेत. म्हणजे लिहिताना त्याच्या मनात ती मागे राहणार होती! मग एका रात्रीत काय झालं? तिने ठरवलं? त्याने सांगितलं? ज्या बाईचे दोन्ही मुलगे सहा महिन्यांच्या अंतराने गेले, जिच्या नवऱ्याने दत्तक घ्यायला नकार दिला आणि घराणं इथेच संपू दे म्हटलं, ती त्या रात्री काय बोलली हे कुणी लिहून ठेवलं नाही. पुस्तकंच्या पुस्तकं नोगीवर आहेत आणि तिच्यावर 'पतीच्या मागे गेली' एवढंच वाक्य. आपल्याला हे कौतुक कुठून येतं ते चांगलं ठाऊक आहे, सतीच्या शिळा आपल्या गावोगाव आहेत. मला त्या देवळात तिचंही नाव आहे याचा आनंद होत नाही, राग येतो.

आणि तेव्हाही जपानमध्ये सगळे भारावले नव्हते. नागानोच्या 'शिनानो माइनिची' या पेपरात किर्यू यूयू या संपादकाने ही जुनी वाईट चाल आहे, मोडली पाहिजे असं त्याच आठवड्यांत छापलं होतं. तरुण लेखकांतल्या काहींनाही हे पटलं नव्हतं. पण सरकारला आणि शाळेच्या पुस्तकांना हवा होता तो नोगी वेगळा, स्वामिनिष्ठ, न विचारता मरणारा. पुढची तीस वर्षं मुलांना तोच शिकवला आणि त्या मुलांचं १९४० च्या दशकात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. देऊळ माणसाचं नाही, त्या धड्याचं आहे.

तोफखाना

अनुजाताई, शिझुकोबद्दलचा मुद्दा अगदी बरोबर. मी कित्येक वर्षं हे युद्ध वाचतोय, तिच्यावर एवढं स्पष्ट कुणी लिहिलेलं बघितलं नव्हतं. फक्त धड्याचं सगळं खापर नोगीवर नको. त्याने स्वतः पोर्ट आर्थरचा अभिमान कधी मिरवला नाही, मेलेल्या शिपायांच्या घरी जायचा, आईबापांसमोर मान खाली घालायचा. 'एवढी माणसं मारूनही किल्ला घ्यायचाच' हा धडा त्याच्या नावावर वरच्यांनी काढला, कारण आकडा कुणी चुकीचा दिला, नौदलाची घाई, टोकियो आणि ओयामा यांच्यातली ओढाताण, भाताचा प्रश्न, यातलं काहीच पुस्तकात घालणं सोयीचं नव्हतं.

मुळामुठा

सगळ्यांचे मनापासून आभार, आता पुन्हा त्या घरापाशी जाणार आहे. एक शेवटचं, तो चीफ ऑफ स्टाफ इजिची, त्याला काही शिक्षा वगैरे झाली का?

तोफखाना

शिक्षा नाही. पोर्ट आर्थर पडल्यावर लगेच त्याला तिसऱ्या आर्मीतून काढून त्याच पोर्ट आर्थर किल्ल्याचा कमांडर केला, म्हणजे मुकदेनला नोगीबरोबर दुसराच चीफ ऑफ स्टाफ होता. पुढे १९०७ मध्ये बॅरन ही पदवी मिळाली. समोरच्या बाजूला मात्र स्टेसेलवर रशियात खटला चालला, १९०८ मध्ये फाशीची... म्हणजे मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती दहा वर्षांच्या कैदेवर आणली आणि १९०९ मध्ये झारने सोडून दिलं.